शलमोन राजा शेवटी तरला की बुडाला?

कडुनिंब

बायबलमधलं १ राजे, अध्याय ११. सातशे राण्या, तीनशे उपपत्नी. म्हातारपणी त्यांनी राजाचं मन वळवलं. यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर त्याने मवाबी लोकांच्या कमोश देवासाठी आणि अम्मोनी लोकांच्या मोलख देवासाठी उच्चस्थानं बांधली. परमेश्वर रागावला, राज्य तुझ्या मुलाच्या हातून फाडून घेईन म्हणाला. मग एकामागून एक तीन शत्रू उठले, आणि मग एकदम: चाळीस वर्षं राज्य केलं, वाडवडिलांजवळ जाऊन निजला, दाविदाच्या नगरात पुरला. अध्याय संपला. मधे फक्त एक ओळ हवी होती. शलमोनाला पस्तावा झाला, किंवा झाला नाही, काहीही चाललं असतं. ती ओळच नाही.

बापाच्या, म्हणजे दाविदाच्या, वेळी असं नव्हतं. दुसऱ्याच्या बायकोचं, बथशेबेचं, प्रकरण झाल्यावर नाथान संदेष्टा तोंडावर बोलला, दाविदाने कबूल केलं, आणि लगेच पापक्षमेचं उत्तर आलं. २ शमुवेल १२ मध्ये हे सगळं पानाभरात आहे. मुलाला तर परमेश्वराने दोनदा दर्शन दिलं होतं, एकदा गिबोनात आणि एकदा मंदिर पुरं झाल्यावर. ११:९ मध्ये राग त्याचाच आहे की दोनदा दर्शन देऊनही हा फिरला. पण त्यावर शलमोन काय म्हणाला हे कुणी लिहिलेलं नाही.

माझं मत आधीच सांगते. मला वाटतं तो तरला. पण ‘त्याने म्हातारपणी उपदेशक हे बायबलमधलं पुस्तक लिहिलं, म्हणजे पश्चात्ताप झाला’ हे जे कारण प्रत्येक उपासनेत ऐकू येतं ते मला सगळ्यात कच्चं वाटतं. माझा आधार २ शमुवेल ७:१४-१५. दाविदाला वचन मिळतं की तुझ्या मुलाने अधर्म केला तर माणसांच्या छडीने त्याला शासन करीन, पण आधीचा राजा शौल याच्यावरची कृपा जशी काढून घेतली तशी याच्यावरची काढणार नाही. म्हणजे मुलगा जन्मायच्या आधीच तो चुकणार हे हिशेबात धरलेलं आहे.

विरुद्ध बाजूचं वचनही ठेवते, नाहीतर कुणीतरी ठेवेलच. १ इतिहास २८:९. म्हातारा दावीद भरसभेत याच मुलाला सांगतो की तू त्याला सोडलंस तर तो तुला कायमचा टाकून देईल. शलमोनाने सोडलं. आता या दोघांचा मेळ कसा घालायचा?

दुपारची झोप

वाचतेय. सुलेमानी चहा ठेवलाय, विषयाला धरून.

उंटावरचा शहाणा

माझ्या नावामुळे या धाग्यावर यायचा मला जन्मसिद्ध अधिकार आहे.

बायबल मी शाळेत फुकट मिळालेल्या छोट्या पुस्तकापलीकडे वाचलेलं नाही. एका लेकरावर दोन बायका हक्क सांगतात आणि राजा तलवार मागवतो ती गोष्ट माहीत आहे. प्रश्न साधा आहे: जगातला सगळ्यात शहाणा माणूस हजार बायका कशाला करतो? आणि त्या शहाणपणाचा त्याला स्वतःला उपयोग झाला नसेल तर देवाने नेमकं दिलं काय?

(अवांतर: त्या लेकराच्या गोष्टीची भावंडं आपल्याकडे आहेत. जातकांत महोसध पंडित रेघ मारून दोघींना मूल ओढायला लावतो, आणि जिला ओढवत नाही ती आई ठरते.)

कडुनिंब

@उंटावरचा शहाणा, जातकांवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

त्याने मागितलं होतं ते न्याय करण्यासाठी समजणारं मन. १ राजे ३:९ नीट वाचा. प्रजेचा निवाडा करता यावा, बरंवाईट ओळखता यावं. स्वतःला आवर घालायचं बळ त्याने मागितलंच नव्हतं. जे मागितलं ते मिळालं, वर न मागितलेलं धन आणि मान मिळाला. पण दीर्घायुष्य ‘माझ्या मार्गाने चाललास तर’ या अटीवर होतं. ३:१४ मध्ये ती अट आहे, आणि लोक तिथे घाईने पुढे जातात.

राण्यांचं म्हणाल तर त्यातल्या बऱ्याचशा राजकारणातल्या सोयरिकी. नाव पहिलं येतं फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, मुलीचं, तिच्याबरोबर गेजेर शहर आंदण आलं (९:१६). त्या काळी तह असाच होई. पण बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, अध्याय १७ मध्ये, राजासाठी तीन मनाया आहेत: घोडे वाढवू नको, बायका वाढवू नको, सोनंरुपं वाढवू नको. आता १ राजे १० आणि ११ ओळीने वाचा. आधी वर्षाला ६६६ किक्कार (जुनं वजनाचं माप) सोनं. मग १,४०० रथ, १२,००० स्वार आणि मिसरातून आणलेले घोडे. मग बायका. लिहिणाऱ्याने यादी समोर ठेवून एकेक खूण केल्यासारखं आहे. वरवर वैभवाचं वर्णन चाललंय असं वाटतं, पण ते आरोपपत्र आहे. शबा देशाची राणी त्याचं वैभव बघून तोंडात बोट घालते तीही याच दोन अध्यायांत, आणि इतकी वर्षं रविवारच्या शाळेत आम्हाला फक्त तीच शिकवली.

सुकेळी

छान धागा. कॅथलिक बाजूने थोडं लिहितो.

आमच्या बायबलात बेन सिराचं पुस्तक आहे, प्रोटेस्टंट बायबलात नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याच्या ४७व्या अध्यायात शलमोनाला थेट ‘तू’ म्हणून संबोधलंय. तरुणपणी किती शहाणा होतास, नदीसारखा भरून वाहायचास. मग बायकांच्या स्वाधीन झालास, आपल्या कीर्तीला डाग लावलास, पोराबाळांवर कोप ओढवलास. आणि त्यानंतर लगेच: पण प्रभू आपली दया सोडणार नाही. इतक्या जुन्या काळीही लोकांना हा प्रश्न सुटत नव्हता हे यातून दिसतं.

धर्मपित्यांत, म्हणजे चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतल्या आचार्यांत, एकमत नाही. ऑगस्टिन कडक. त्याच्या मते या राजाची सुरुवात चांगली आणि शेवट वाईट. शास्त्र त्याचं पाप सांगतं पण पश्चात्तापाबद्दल गप्प आहे. जेरोमचा कल मात्र पश्चात्ताप झाला असं मानण्याकडे. पुढे चौदाव्या शतकात दान्तेने त्याला सरळ स्वर्गात बसवला, सूर्याच्या मंडलात, ज्ञानी जनांच्या वर्तुळातला पाचवा दिवा, आणि सगळ्यांत सुंदर. ओळख करून देणारे थॉमस अक्वायनस. ते म्हणतात, याची खबर ऐकायला खालचं अख्खं जग भुकेलं आहे. म्हणजे आपण इथे जे करतोय ते तेव्हाही चालू होतं!

पूर्वेकडच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाचं एक चित्र असतं. ख्रिस्त अधोलोकाचे दरवाजे मोडून आदाम आणि हव्वा यांना हाताला धरून वर ओढतोय. बाजूला मुकुट घातलेले दोन राजे उभे असतात, एक दाढीवाला आणि एक तरुण. दावीद आणि शलमोन. चित्रकारांनी आपल्यापुरता निकाल देऊन टाकलाय.

आणि एक. चर्चने अमुक माणूस नरकात आहे असं नाव घेऊन कधीच जाहीर केलेलं नाही. संत जाहीर करतात, पतित नाही.

कडुनिंब

@सुकेळी, बेन सिराचं आवडलं. पण पुढचं वाक्यही सांगा ना. दया सोडणार नाही म्हणजे काय, तर दाविदाचा वंश बुडू देणार नाही, याकोबासाठी शेष राखेल. ही दया घराण्यावरची झाली. त्या माणसाची वाट काय लागली ते तिथेही कळत नाही.

सुकेळी

हाच आक्षेप तुमच्या २ शमुवेल ७ वरही येतो, बाई. तिथेही विषय गादीचाच आहे. शौलाचं घराणं गेलं, दाविदाचं जाणार नाही, एवढंच. ‘कृपा काढणार नाही’ चा अर्थ आत्म्याचं तारण असा तुम्ही घेता, पण मजकूर सिंहासनाबद्दल बोलतोय.

खापरतुकडा

मुळात शलमोनाचं नाव असलेला एकही समकालीन शिलालेख मिळालेला नाही. १९९३ मध्ये इस्राएलातल्या तेल दान या ठिकाणी सापडलेल्या शिळेवर ‘दाविदाचं घराणं’ असा उल्लेख आहे, ती शिळा इ.स.पू. नवव्या शतकातली. हासोर, मगिद्दो आणि गेजेर इथली सारख्या बांधणीची प्रवेशद्वारं पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी १ राजे ९:१५ शी जोडून शलमोनाची ठरवली. इस्राएल फिंकेलश्टाइन ती पुढच्या शतकात ढकलतात. भांडण अजून मिटलेलं नाही.

शलमोनाच्या सोन्याचा शेवट मात्र ऐकण्यासारखा आहे. शलमोनाने सोन्याच्या पाचशे ढाली करून ठेवल्या होत्या. तो गेल्यावर पाचव्या वर्षी मिसराचा शीशक चालून आला आणि सगळ्या घेऊन गेला. शलमोनाचा मुलगा रहबाम याने त्यांच्या जागी पितळेच्या केल्या (१ राजे १४). या शीशकाची, म्हणजे पहिल्या शोशेंकची, स्वारी कर्णकच्या भिंतीवर कोरलेली आहे.

मीठभाकर

सगळे बायका आणि मूर्ती यांवरच अडकलेत. वेठबिगारीचं कुणी बोलणार आहे का?

लबानोनात लाकूड तोडायला ३०,००० माणसं, पाळीपाळीने, महिनाभर तिकडे आणि दोन महिने घरी. ७०,००० ओझेवाले, ८०,००० पाथरवट. मंदिराला सात वर्षं, राजवाड्याला तेरा. एवढं करून लाकूड पुरवणाऱ्या सोरच्या राजाचं, हीरामचं, देणं फिटेना म्हणून गालिलातली वीस गावं त्याला देऊन टाकली. ती बघून हीराम म्हणाला, ही कसली गावं दिलीस भाऊ! (९:१३). त्या गावांतल्या माणसांना कुणी विचारलं होतं?

शमुवेलाने आधीच बजावलं होतं, राजा मागताय, पण तो तुमची पोरं रथापुढे पळवील, शेतंमळे घेईल, दहावा हिस्सा घेईल (१ शमुवेल ८). शलमोन मेल्यावर लोक रहबामाकडे आले ते काय घेऊन? कमोशाची तक्रार घेऊन नाही. “तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवलं” ही तक्रार घेऊन. राज्य फुटलं त्या जुवावरून. मुलगा म्हणाला, बापाने चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. दहा वंश तिथून उठून गेले. हिशेब मागायचाच असेल तर मंदिराच्या दगडांखाली वाकलेल्यांनी मागावा, मग तरला की नाही ते बघू.

उंटावरचा शहाणा

@मीठभाकर, टाळ्या.

आणि धागाकर्तीच्या वचनाबद्दल: बापाशी देवाचा करार होता म्हणून पोरगा सुटला, याला आमच्याकडे वशिला म्हणतात.

शनवारतेली

वशिल्यावरून आठवलं म्हणून लिहितो. ज्यांना माझं टोपणनाव कळलं नसेल त्यांच्यासाठी: आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागेकडे आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने ठेवलेलं हे नाव.

तर, मिश्ना या आमच्या जुन्या नियमसंग्रहात सनहेद्रिन नावाचा भाग आहे. त्यात येणाऱ्या जगात कुणाला वाटा नाही याची यादी आहे. तीन राजे: यराबाम, अहाब, मनश्शे. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद (सनहेद्रिन १०४ब) सांगतो की यादी करणाऱ्यांना अजून एक नाव घालायचं होतं. शलमोनाचं. तेव्हा त्याच्या बापाचं रूप येऊन त्यांच्यापुढे पालथं पडलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. म्हणजे वशिला लावून पाहिला, चालला नाही, शहाणेसाहेब. मग आकाशातून अग्नी उतरला आणि त्यांच्या बाकांना झळ लागली. तरी लक्ष दिलं नाही. मग आकाशवाणी झाली: कामात चपळ असा माणूस पाहिलास? तो राजांपुढे उभा राहील (नीतिसूत्रे २२:२९). ज्याने माझं घर आपल्या घराआधी बांधलं, माझं सात वर्षांत उरकलं आणि स्वतःचं तेरा वर्षांत, त्याला तुम्ही बाहेर ठेवणार? तरीही ते ऐकेनात. शेवटी ईयोबाच्या पुस्तकातलं वचन आलं: परतफेड काय तुझ्या मर्जीने व्हायची? निवड तू करणार की मी?

नाव यादीत गेलं नाही.

कडुनिंब

सात आणि तेरा! आमच्याकडे याच आकड्यांवर शलमोनाला झोडपतात. देवाच्या घराला सात वर्षं आणि स्वतःच्या वाड्याला तेरा, बघा किती स्वार्थी. एकाच आकड्याने एकीकडे फाशी आणि दुसरीकडे सुटका.

शनवारतेली

तालमूदचं म्हणणं असं की देवाच्या कामाला घाई केली, स्वतःच्या कामाला केली नाही. दोन्ही वाचनं मजकुरात बसतात.

आणि यहुदी परंपरा त्याला सगळीकडे पाठीशी घालते असंही नाही. तालमूदच्या शब्बाथ या भागात (५६ब) एक रब्बी, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात, शलमोनाने पाप केलं असं म्हणणारा चुकतोय. बायकांनी मूर्ती पुजल्या, याने अडवलं नाही, म्हणून त्यानेच केलं असं धरलं गेलं. त्याच पानावर पुढे दुसरी कथा: शलमोनाने फारोच्या मुलीशी लग्न केलं त्या दिवशी गाब्रिएल दूताने समुद्रात एक बोरू रोवला, त्याभोवती गाळ साचत गेला आणि त्यावर रोम उभं राहिलं. म्हणजे पुढे ज्या नगराने मंदिर जाळलं त्याचा पाया ते मंदिर बांधणाऱ्याच्या लग्नात. निर्दोष म्हणणारे आणि रोमचं पाप त्याच्या माथी मारणारे एकाच पानावर शेजारी बसलेत. मला ही पद्धत आवडते.

खाडीपलीकडे

आमच्याकडे हा प्रश्न निघतच नाही, पण का निघत नाही ते सांगतो.

हजरत सुलेमान आमचे पैगंबर. कुराणात सूरह बकरा, आयत १०२: सुलेमानने कुफ्र (देवाला नाकारणं) केलं नाही, कुफ्र सैतानांनी केलं. ही आयत वाचताना स्पष्ट कळतं की त्यांच्यावर असा आरोप होत होता आणि त्याला हे उत्तर आहे. मूर्तिपूजेचा डाग आम्ही मुळातच मानत नाही.

पण धागाकर्तीने जी ओळ नाही म्हटलंय, तशी एक ओळ आमच्याकडे आहे. सूरह साद, ३४-३५. आम्ही सुलेमानची परीक्षा घेतली, त्याच्या तख्तावर एक धड टाकलं, मग तो वळला. म्हणाला, रब्बा, मला माफ कर, आणि माझ्यानंतर कुणाला मिळणार नाही असं राज्य दे. परीक्षा नेमकी कसली, धड कुणाचं, यावर मुफस्सिरांत, म्हणजे कुराणाच्या भाष्यकारांत, मतं अनेक. पण माफी मागितली, आणि चाळिसाव्या आयतीत निकालही आहे: त्याला आमच्याजवळ स्थान आहे आणि परतायला चांगली जागा.

गंमत अशी की माफी मागतानाच पुढच्या दमात राज्यही मागतात. आणि मिळतं. वारा ताब्यात, जिन्न ताब्यात.

शनवारतेली

@खाडीपलीकडे, तख्तावरच्या धडाची चुलत गोष्ट आमच्याकडे तालमूदच्या गिट्टीन या भागात ६८व्या पानावर आहे. अश्मदाय नावाचा भुतांचा राजा शलमोनाला चारशे परसंग (अंतराचं जुनं माप) लांब भिरकावतो आणि त्याच्या रूपात गादीवर बसतो. खरा राजा दारोदार भीक मागत फिरतो, “मी यरुशलेमेत राजा होतो” म्हणत, आणि कुणी विश्वास ठेवत नाही. उपदेशक १:१२ त्यातूनच आलं असं सांगतात.

दुपारची झोप

‘होतो’! राजा असूनही भूतकाळ का, हे मला कायम खटकायचं.

मला विचाराल तर उपदेशक इतकं सहज बाजूला टाकू नये. ‘व्यर्थ हो व्यर्थ’ हे सगळं भोगून झालेलाच म्हणू शकतो. घरं बांधली, द्राक्षमळे लावले, गाणारे-गाणाऱ्या ठेवल्या, डोळ्यांनी मागितलं ते नाकारलं नाही, आणि हाती वारा. २:१८ वाचा. माझ्या कष्टाचं फळ माझ्यामागून येणाऱ्याला सोडून जायचं, तो शहाणा निघेल की मूर्ख कुणास ठाऊक. रहबामच डोळ्यांसमोर येतो.

कडुनिंब

@दुपारची झोप, वाचायला मलाही ते आवडतं. पण पुरावा म्हणून टिकत नाही. पूर्ण पुस्तकात शलमोन हे नाव नाही. १:१६ मध्ये तो म्हणतो, माझ्यापूर्वी यरुशलेमेत होऊन गेलेल्या सर्वांपेक्षा मी शहाणा. त्याच्यापूर्वी तिथे इस्राएलाचा राजा होऊन गेला तो एकटा बाप. हिब्रू उशिराचं आहे, त्यात फारसी शब्द आहेत, आणि इराणी राज्य आलं शलमोनानंतर चारशे वर्षांनी. ४:१ मध्ये तो गांजलेल्यांचे अश्रू पाहतो आणि हळहळतो की त्यांचं सांत्वन करणारं कुणी नाही. मीठभाकर म्हणतात तसं, अहो, गांजणारा तूच ना? राजाच्या तोंडी हे वाक्य कसं शोभेल?

समजा, त्यानेच लिहिलं. तरी पश्चात्ताप कुठे आहे? कमोशाचं नाव नाही, ‘मी पाप केलं’ नाही. कंटाळा आहे, थकवा आहे. ७:२८ मध्ये तर हजारांत एक पुरुष सापडला पण बाई एकही नाही असं म्हणतो. सातशे अधिक तीनशे किती होतात ते मोजा आणि दोष कुणाला दिलाय ते बघा.

मीठभाकर

७:२८ वर हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते.

@कडुनिंब, तुमच्याच बाजूच्या विरुद्ध एक मुद्दा. १ राजे ११:४० बद्दल बोलत नाहीये कुणी. अहीया संदेष्ट्याने नवी चादर फाडून बारा तुकडे केले आणि दहा यराबामाला दिले. हा यराबाम कोण, तर योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर शलमोनानेच नेमलेला मुकादम. आणि शलमोनाने काय केलं? त्याला ठार मारायला पाहिलं. तो मिसरात शीशकाकडे पळाला. देवाने दुसऱ्याला निवडलं हे कळल्यावर त्याच्या जिवावर उठणारा राजा आधी कोण होता? शौल! ज्याच्यासारखं तुझ्या मुलाला वागवणार नाही असं वचन आहे तोच.

आणि मूर्तींच्या जागा. पस्तावा झाला असता तर पाडल्या असत्या ना? २ राजे २३:१३ सांगतं की त्या योशीयाने पाडल्या, शलमोनाचं नाव घेऊन सांगतं. म्हणजे सुमारे तीनशे वर्षं मंदिरासमोर तशाच उभ्या.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालू आहे. अमुक धर्म खरा की तमुक, आणि धर्मांतर, या विषयांवरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. कृपया मूळ विषयाला धरून लिहावे.

उंटावरचा शहाणा

माझा त्यात नव्हता. (या वेळी.)

आमच्या घरची एक गोष्ट जोडतो. ययाति. हजार वर्षं मुलाचं तारुण्य वापरून भोग घेतले, शेवटी म्हणाला, उपभोगाने वासना शमत नाही, तूप ओतलेल्या आगीसारखी वाढते. म्हणजे उपदेशक त्यानेही ‘लिहिलं’. पुढे स्वर्गात गेला, तिथे माझ्यासारखा तपस्वी कुणी नाही म्हणाला आणि त्या गर्वापायी खाली ढकलला गेला. पडता पडता मुलीच्या मुलांच्यात येऊन पडला आणि नातवांनी आपलं पुण्य देऊ केल्यावर परत वर गेला. तिकडे मेलेला बाप पोरासाठी पालथा पडतो, इकडे नातू आजोबाला उचलतात. पण ययातीला नातवांचं पुण्य उपयोगी पडलं आणि तालमूदवाल्यांनी दाविदाकडे बघितलंही नाही. तिथले पंडित जास्त खमके.

कडुनिंब

@मीठभाकर, ११:४० चा मुद्दा जबर आहे आणि माझ्या मते त्यानेच वचनाचा अर्थ उघडतो. शौलासारखा वागूनही शौलासारखी गत झाली नाही, हेच तर २ शमुवेल ७ म्हणतं. शौलाच्या हयातीत आत्मा निघून गेला, देव उत्तर देईना, मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे जायची पाळी आली. शलमोनाला ११:११ मध्ये देव शिक्षा सांगतो आणि लगेच तीत दोन सवलती देतो: तुझ्या हयातीत नाही, आणि सगळं राज्य नाही. दोन्ही ‘दाविदाकरता’. शहाणे, वशिलाच हो. पण शास्त्र तो लपवत नाही.

@सुकेळी, गादी की आत्मा, या तुमच्या प्रश्नावर मी अडले आहे हे खरं. जुन्या करारातल्या राजांच्या काळात मेलेला चांगला असो की वाईट, जातो अधोलोकातच. जागे होऊन काही सार्वकालिक जीवनाला आणि काही अप्रतिष्ठेला, हे स्पष्ट येतं दानीएल १२:२ मध्ये, फार पुढे. ‘वाडवडिलांजवळ निजला’ हे शब्द यराबामाला आहेत, अहाबालाही आहेत, त्यावरून काही ठरत नाही. म्हणजे १ राजेच्या लेखकाला आपला प्रश्न पडलाच नव्हता. त्याचा प्रश्न होता, आम्ही बाबेलात बंदिवान म्हणून का येऊन पडलो? त्याचं उत्तर त्याने या राजापासून सुरू केलं.

सुकेळी

हे मान्य. नव्या करारातल्या इब्री ११ मधल्या विश्वासवीरांच्या यादीत शमशोन आहे, पोरीचा बळी देणारा इफ्ताह आहे, शलमोन नाही. लूकने दिलेली वंशावळ तर दाविदावरून नाथान नावाच्या दुसऱ्या मुलाकडे वळते. मत्तय मात्र शलमोनाकडूनच नेतो. येशू त्याच्याबद्दल बोलतो ते रानातल्या फुलांपुढे त्याचं वैभव काहीच नाही म्हणून, आणि शबाच्या राणीने दुरून येऊन त्याचं ज्ञान ऐकलं म्हणून. स्तुती नाही, निंदाही नाही.

पण नहेम्या १३:२६ बघा. राज्य गेलं, बाबेलातून लोक परत आले, आणि नहेम्या लोकांना झापताना म्हणतो: शलमोनासारखा राजा नव्हता, तो आपल्या देवाला प्रिय होता, तरी परक्या बायकांनी त्यालाही पापात पाडलं. ‘प्रिय’ आणि ‘पाप’ एका वाक्यात. शेवट माहीत असूनही तो ‘प्रिय’ म्हणतो.

खापरतुकडा

त्याच सुमारास ‘इतिहास’ची पुस्तकं लिहिणाऱ्या इतिहासकाराने १ राजे ११ जवळजवळ अख्खा गाळलाय. २ इतिहास ९ मध्ये शबाची राणी येते, सोनं येतं, आणि राजा मरतो. राण्या नाहीत, कमोश नाही. उलट २ इतिहास ११:१७ मध्ये लोक तीन वर्षं ‘दावीद व शलमोन यांच्या मार्गाने’ चालले असं म्हणतो. मूर्ती गाळल्या की मार्ग सरळ दिसणारच.

मीठभाकर

त्याच इतिहासकाराने मनश्शेचा पश्चात्ताप मात्र लिहिलाय ना? २ इतिहास ३३. पोरांना आगीतून चालवणारा, मंदिरात मूर्ती बसवणारा, यहूदाचा सगळ्यात वाईट राजा. अश्शूरच्या बेड्यांत पडल्यावर नमला, देवाने ऐकलं, परत आला आणि मूर्ती बाहेर फेकल्या. शनवारतेली, तुमच्या यादीत बाहेर कोण आहे म्हणालात?

शनवारतेली

मनश्शे.

मीठभाकर

म्हणजे ज्याचा पश्चात्ताप लिहून ठेवलाय तो बाहेर, आणि ज्याचा नाही तो आत?

शनवारतेली

तिथेच रब्बी यहूदाने विरोध नोंदवलाय. मनश्शेला वाटा आहे असं ते म्हणतात, आणि आधाराला तुम्ही दिलेलाच अध्याय देतात. बाकीचे म्हणतात, राज्य परत मिळालं, येणारं जग नाही. त्यावर पुढे १०३अ मध्ये रब्बी योहानान म्हणतात, मनश्शेला वाटा नाही असं म्हणणारा पश्चात्ताप करणाऱ्यांचे हात ढिले करतो.

शलमोनाबद्दल असं कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. त्याची बाजू पश्चात्तापावर कुणी लढवलीच नाही. आकाशवाणीनेही नाही. तिने मंदिराचं काम पुढे केलं, आणि ते चालेना तेव्हा गप्प बसा म्हणून सांगितलं.

कडुनिंब

रब्बी यहूदाचं ते मिश्नाच्या कुठल्या परिच्छेदात येतं? पुढच्या शनिवारी आमच्या गटात मनश्शेच घ्यावा म्हणते.

शनवारतेली

सनहेद्रिन, दहावा अध्याय, दुसरा परिच्छेद. शनिवारी मी ऑनलाइन नसतो, शंका असल्या तर शुक्रवारी दुपारपर्यंत टाका.